परातीला जोडलेला ॲम्प्लिफायर

करडी गावचा टिकाराम धानाच्या बांधीत कमी आणि सोल्डरच्या धुरात जास्त असायचा. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी त्याने पहिला ॲम्प्लिफायर बनवला, आणि तेव्हापासून भेटेल त्याला उपदेश सुरू: वायरी आखूड ठेवा, कपॅसिटर आयसीच्या, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या चिपच्या, पायांना खेटून लावा, आणि उष्णता ओढून घ्यायला आयसीच्या पाठीशी धातूचा मोठा पत्रा द्या. तापला की आयसी आपोआप गप्प बसतो, निवला की पुन्हा बोलतो. लोक माना डोलवत आणि लग्नाला डीजे सांगत.

मुलीच्या, खुशबूच्या लग्नात मात्र आपलाच ॲम्प्लिफायरचा डबा वाजणार, असं त्याने ठणकावून सांगितलं. वैशाखातलं लग्न, म्हणून पत्राही तसाच मोठा हवा. घरात एकच सापडला: बायकोची पितळी परात. गडबडीत पहिलं भोक बुडाला पाडलं. मग दुसरं काठाला पाडून आयसी तिथे कसला.

"हे परात माह्या मायनं देल्ली!" गिरजाबाई कडाडली. "जावयाचे पाय हिच्यातच धुईन. डबा राहो का जळो!"

शेवटी परात मांडवात आली ती काठाला डबा आणि बॅटरी घेऊनच. बुडाच्या भोकावर बोट दाबून पाय धुणं कसंबसं उरकलं. नवरदेवाचे वडील मारोतराव डीजे नाही म्हणून आधीच फुगलेले. "मंगलाष्टकात आवाज बंद पडला त वरात वापस जाईन," त्यांनी सर्वांदेखत बजावलं.

दुसऱ्याच मंगलाष्टकाला डबा मुका झाला. मारोतराव उठले. टिकारामने घागरभर पाणी परातीत ओतलं, पण ते भोकातून वाहून जाऊ लागलं. तेवढ्यात अंतरपाटाआडून नवरदेव भूपेंद्र हार सावरत सरळ परातीत उतरला आणि त्याने भोकावर टाच दाबली. पाणी थांबलं. आयसी निवला. डबा खणखणीत बोलू लागला.

"बाहेर ये, बेशरम!" मारोतराव ओरडले.

"कायले, बाबा? आवाज येऊन राहिला न?"

वऱ्हाडातल्या बायांना वाटलं, करडीची ही रीतच असेल. एकेकीने येऊन तांब्याभर पाणी ओतलं. भटजींनाही आपला आवाज इतका आवडला की ते मंगलाष्टकं वाढवतच गेले.

"मामाजी, पाय काढू का आता?" भूपेंद्रने सासऱ्याला हळूच विचारलं.

"नोको, बापू. आणखी एक हाय."

इतक्या वर्षांत टिकारामचं म्हणणं कुणी ऐकलं नव्हतं. साखरपुड्यात आपण तासभर पिळलेल्या या पोराने ते शब्दन्‌शब्द ऐकलं होतं. टिकारामचे डोळे भरून आले. तांब्या घेऊन तो वाकला आणि जावयाच्या पायांवर गार पाणी ओतत राहिला. कुणी विचारलं नव्हतं, तरी "आयसीसाठी, आयसीसाठी," असं पुटपुटत होता.