निवडलेली डाळ

शरणप्पा वसतिगृहाच्या फाटकाशी आला तेव्हा मी वेणी घालत होते. तो आमच्या आडत दुकानातला जुना माणूस. चिटगुप्प्याहून पहिल्या बसने गुलबर्ग्याला आला होता. डोक्यावरचा रुमाल त्याने काढून हातात धरला होता, त्यावरूनच मला कळलं. "चला अक्का, अण्णांनी बोलावलंय… चिक्कव्वा गेली," एवढंच तो म्हणाला. रजा मागायला मी वॉर्डनबाईंकडे गेले. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "घरातल्या एक बाई." त्याला आता दीड महिना होत आला. त्या तीन शब्दांनी मला अजून नीट झोपू दिलेलं नाही.

चिक्कव्वा म्हणजे धाकटी आई. माझी आई गेल्यावर, पोलीस ॲक्शनच्या पुढच्या वर्षी, अण्णांनी मंठाळची मुलगी केली. ती माझ्यापेक्षा दहाच वर्षांनी मोठी होती. घरातले सगळे मला सांगायचे, तिला चिक्कव्वा म्हण. मी कधीच म्हटलं नाही. सात वर्षं मी तिला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. काही हवं असलं की समोर जाऊन उभी राहायची. ती वळून बघायची आणि विचारायची, "काय पायजे बाई?" मी तेव्हा तेरा वर्षांची, मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकणारी, लाजरी. माझ्या गप्प राहण्याला सगळे चांगलं वळण समजायचे. मीही तेच समजत होते.

ती आली त्याच आठवड्यात तिने वाढलेलं ताट मी सरकवून दिलं आणि म्हणाले, "मला तुझ्या हातचं नको." तिने खुंटीवरचं सूप काढलं, डब्यातली तुरीची डाळ त्यात ओतली आणि ती उंबऱ्यापाशी बसून खडे वेचायला लागली. अर्धा तास झाला असेल. सूप रिकामं झालं, तशी उठली, भाकरी पुन्हा तव्यावर टाकून गरम केली आणि जसं काही झालंच नव्हतं तशा आवाजात म्हणाली, "आता जेवायलीस का?" मी जेवले. भूक लागली होती. पण माझ्या वहीत मी इंग्रजीत लिहून ठेवलं की या बाईला मानच नाही, हिला राग येतच नाही.

घरातल्यांना मात्र त्या सुपाची भाषा हळूहळू कळायला लागली. अण्णा फार तापट. गेल्या वर्षी आपला जिल्हा कुठल्या राज्यात जाणार यावरून सोप्यात रोज वाद व्हायचे. एकदा हरलेल्या वादाचा राग अण्णांनी चहा गार झाला म्हणून तिच्यावर काढला. ती सूप घेऊन बसली. थोड्या वेळाने अण्णा दारात आले, खाली बघत म्हणाले, "किती निवडायलीस? उद्या दुकानातलं पोतं आणून देऊ का?" ती म्हणाली, "आणा की. तुमच्या दोस्तांचं भांडण मिटंस्तोवर पुरंल." दोघंही हसली. त्यानंतर सूप खुंटीवर आहे का, हे बघूनच अण्णा स्वयंपाकघरात पाय टाकायचे. आवाज चढायला लागला की स्वतःच थांबायचे. पहिल्या आईशी ते असे कधी बोललेले मला आठवत नाहीत… हे लिहितानाही मला बरं वाटत नाही, पण ते खरं आहे.

एकदा मी तिला विचारलं, तेही भिंतीकडे बघत, "राग येत नाही का?" ती म्हणाली, "येत न्हाई कसा? लई येतोय. मंठाळला माझ्या तोंडाला गावातली कुत्री भेत होती. पण हितं आले तवा ठरीवलं, या घरात आधीच एक माणूस कमी हाय. अजून कुणी तोडायचं न्हाई." मग मिश्कीलपणे म्हणाली, "तू कामून इचारायलीस? तुला बी एक सूप देऊ?" मी निघून गेले.

गेल्या दिवाळीत माझी वर्गमैत्रीण विमल आमच्याकडे आली. मोठ्या अधिकाऱ्याची मुलगी. चिक्कव्वा चुलीपुढे होती, इरकल लुगड्याचा पदर खोचलेला, हात पिठाचे. विमलने डोळ्यांनीच विचारलं, या कोण? मी इंग्रजीत म्हणाले, "घर सांभाळतात." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तसलीच वाक्यं मला जमायची. जेवताना चिक्कव्वा शेंगाची पोळी आग्रहाने वाढत होती. विमलने अगदी प्रेमाने विचारलं, "मावशी, तुम्ही इथं किती वर्षं कामाला आहात?"

तिच्या हातातली पोळी तशीच राहिली. तिने माझ्याकडे बघितलं. मी ताटात बघत होते. एक शब्द पुरला असता, आणि तो मला सहा वर्षं सगळे शिकवत होते. बाहेर दुकानाकडून कुणीतरी कुणाला हाका मारत होतं, ते मला अजून ऐकू येतं… मग ती विमलला म्हणाली, "सहा वर्षं झाली की. ही एवढीशी होती तवा." आणि पोळी विमलच्या ताटात घातली, वर तुपाची धार सोडली.

जेवणानंतर मी पाणी प्यायला आत गेले तेव्हा ती सूप घेऊन बसली होती. डाळ सकाळीच निवडून झालेली होती, मी स्वतः बघितली होती. स्वच्छ डाळ तिने पुन्हा सुपात ओतली होती आणि नसलेले खडे वेचत होती. मी दारात उभी राहिले. तिने मान वर केली नाही, नेहमीसारखं "काय पायजे बाई?" विचारलं नाही. मी पाणी न पिता परतले. संध्याकाळी ती म्हणाली, "पोरगी चांगली हाय तुझी मैत्रीण. पोटभर जेवली का?" त्यावर मी मान हलवली. तिने स्वतःला आवरलं होतं माझ्यासाठी. मी गप्प राहिले तेही माझ्याचसाठी. बाहेरून दोन्ही सारखंच दिसत असेल.

मी पोचले तेव्हा तिला मातीला न्यायची तयारी झाली होती. परत निघताना अण्णांनी एक गाठोडं हातात दिलं. ताप चढला त्या दिवशी ती डाळ निवडत होती. सूप डाळीसकट तसंच फडक्यात बांधलेलं होतं. "कशावर चिडली होती?" मी विचारलं. अण्णा म्हणाले, "कशावर न्हाई. तू येणार म्हणून तुझ्यासाठी डाळ निवडायली होती."

गेल्या रविवारी मी ते सूप खोलीत उघडून बसले होते, तेव्हा विमल आली. शेजारी टेकली आणि म्हणाली, "तुमच्या त्या मावशी गेल्या म्हणे. फार वाईट झालं." हात डाळीत होते. काही न बोलणं सोपं होतं. मी सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि म्हणाले, "ती आमच्याकडे कामाला नव्हती. ती माझी चिक्कव्वा होती. माझी आई." हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला, आणि ऐकायला विमल होती.

विमल माझ्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "मग त्या दिवशी त्यांनी मला तसं का सांगितलं?"

मी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. डाळीत एकही खडा उरला नव्हता. तरी मी निवडत राहिले.