बांध कोरलाय

ढोकीवरून जाताना साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की मला ती पोरगी आठवते. धाराशिवच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आम्ही लोकांच्या वेबसाइट बनवायचो आणि तिथली हुशार म्हणजे मी, हे सगळ्यांनी मान्य केलेलं होतं. एकदा एका पानावरचं फोनचं बटण काही केल्या दाबलं जाईना. दोन दिवस कोड वाचून मी डोळे फोडून घेतले. ढोकीहून येऊन नुकतीच कामाला लागलेली ती माझ्या मागं उभी राहून म्हणाली, "ताई, म्या बघू का जरा?" तिनं ब्राउझरमधलं कसलंसं टूल चालू केलं आणि पानावरच्या प्रत्येक चौकटीभोवती लाल रेघ उमटली. वरच्या फोटोची एरवी न दिसणारी चौकट पार बटणावर पसरली होती. "हे बघा, ह्यानं बांध कोरलाय. शेजाऱ्याच्या रानात घुसलंय की!" अख्खं ऑफिस हसलं, साहेबांनी तिच्यासाठी चहा मागवला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. "हे टूल मला कधीचं माहितीय," मी खोटंच बोलले. ती मनापासून म्हणाली, "व्हय ताई, तुमाला म्हाईत असणारच." तेच जास्त झोंबलं. आता मी क्लासात पोरांना तेच टूल शिकवते, लाल रेघा उमटल्या की विचारते, "सांगा, कुणी बांध कोरलाय?" वर्ग खळखळून हसतो. काल एका पोरीनं विचारलं, "मॅडम, लई भारी सांगता, हे बांधाचं तुमचंच का?" मी म्हणाले, "व्हय."