मासे वर आले तेव्हा

हे गेले आणि माझा देवावरचा विश्वासच उडाला, हे आधी कबूल करते. गळ्यात माळ होती, ओठांवर नाम होतं, पण मन कोरडं ठाक. चाकणच्या पूर्वेला आमचं गाव. चहूकडे कारखाने उठले, पाऊस मात्र आमच्याकडे पाठ फिरवूनच जातो. ह्यांनी शेततळं खोदून, प्लॅस्टिक अंथरून त्यात रोहू-कटल्याची बोटाएवढी पिल्लं स्वतःच्या हातांनी सोडली, आणि महिन्याभरात हे गेले. मूलबाळ नाही. "माळकरीण बाई, अन् मासे पाळते!" म्हणून जावांनी नाकं मुरडली. मुरडू देत! ह्यांच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

उन्हाळ्यात तळ्यात कमरेएवढंच पाणी राहिलं. एके दिवशी सकाळी काठावर गेले तर सगळे मासे तोंडं उघडून वर आलेले. एरवी पेंड टाकून मी वळले की मगच वर येणारे ते! मला भरूनच आलं. आळंदीच्या घाटावर आम्ही दोघं कणकेच्या गोळ्या टाकायचो, तेव्हा मासे अशीच झुंबड करायचे. वाटलं, मी एकटी आहे म्हणून माउलीने ही सोबत धाडली. परातभर कणीक मळून गोळ्या टाकल्या. चार दिवस रोज टाकल्या. मासे धड खात नव्हते, तरी टाकत राहिले. कुणीतरी माझी वाट बघतंय, यातच मी खूश होते.

पाचव्या सकाळी पाच-सहा मासे पोट वर करून तरंगत होते. "हेही नेतोस का रे? ने, सगळंच ने!" मी देवावर ओरडले.

"काय झालं, ताई?"

बांधावर कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक माणूस उभा होता. रात्रपाळी सुटून निघालेली त्यांची बस रस्त्यात बंद पडली होती, म्हणून प्यायला पाणी मागायला आलेला. मी तळं दाखवलं, परात दाखवली. त्याने कपाळावर हात मारला.

"अवो, त्यास्नी भूक न्हाई लागली, दम कोंडलाय! पाणी थोडं, त्यात हे पीठ कुजतंय. हवा पायजे त्यास्नी. बादल्या आणा, पळा!"

लाइट नव्हती. आम्ही दोघं दोरीने बादल्या ओढून उंचावरून पाणी परत तळ्यातच ओतत राहिलो. माझे हात सोलून निघाले. "आमी उजनी धरणाच्या काठचे मासेमार भोई," एवढंच तो बोलला. तासाभराने लाइट आली. त्याने तळ्यातली मोटर चालू करून पाइप उंच बांधला, धार पुन्हा तळ्यात पडू लागली. हळूहळू ती उघडी तोंडं खाली गेली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. चहा ठेवायला आत वळले, तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला आणि तो धावत गेला. नाव विचारायचं राहिलं. अगं बाई गं, त्याने मागितलेलं पाणीसुद्धा मी दिलं नव्हतं!

तो कोण होता, याचा कीस मी काढत नाही. बस बंद पडली ती माझ्याच बांधापाशी, तेवढं मला पुरतं. मी सोबत मागत होते, आणि सोबत मिळाली असं समजून गुदमरणाऱ्या जिवांना खाऊ घालत होते. आता काही मागत नाही. रोज सकाळी बांधावर पाण्याचा तांब्या भरून ठेवते आणि तळ्यापाशी जाते. पाणी शांत असतं. मला भेटायला कुणी वर येत नाही. एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू? तरी त्या रिकाम्या पाण्याला हात जोडते आणि म्हणते, देवा, अस्संच राहू दे.