नाल्याची सोपी वाट

ती वाट आईला जमणार नाही, हे मी आधीच पाहून आलो होतो. तरी तिला सांगितलं नाही. माझी चूक तिथून सुरू झाली.

दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी डोंगरात जायचं, हे मीच ठरवलं. तळेगावच्या पुढे, आईच्या माहेराजवळ, एक नाला डोंगरातून उतरतो. त्याच्या काठाने गुरांची वाट आहे आणि शेवटी डोह. लग्नाआधी आई तिथं गुरं घेऊन जायची. लकव्यानंतर मात्र तिचा डावा पाय घासत चालायचा आणि वॉकरशिवाय तिला उभं राहता येत नव्हतं. एकदा जेवताना मी बोलून गेलो, "सोपी वाट हाये, लहान पोरंबी चालतात."

आईने ताटातून मान वर केली. "मंग मी बी येतो."

"ये ना," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून ती अंगणात फेऱ्या मारू लागली. तुळशीपासून फाटकापर्यंत. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "काऊन वो बाई, शर्यत लागली का?" आई दम खात सांगायची, "माहेरच्या नाल्यावर जाऊन राह्यली."

वाट बघायला मी आणि धाकटा भाऊ मोटरसायकलने गेलो. सावली कुठे आहे, डबे कुठे सोडायचे, पोरांना कुठे हात धरायचा, हे सगळं मी ठरवत होतो. भाऊ चिडवत होता, "दादा, सहल नेऊन राह्यला का वरात?"

पहिल्याच वळणावर वाट नाल्यात उतरली. नुसते गोटे, पाय ठेवला की हलणारे. भावाचं हसणं थांबलं.

"आई कशी जाईन इथून?"

"उचलून नेऊ."

"ते उचलू देईन का?"

मी परतीच्या वाटेला लागलो. घरी आलो तेव्हा आई फाटकाला धरून उभी होती. "आज मधात बसलीच नाई," ती म्हणाली. मी शाबासकी दिली. चालते आहे तर चालू दे, तब्येतीला बरंच, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे तिचा पडलेला चेहरा बघायची माझी तयारी नव्हती.

ठरल्या दिवशी भावाला सुट्टी मिळाली नाही. मी, बायको, मुलं आणि आई निघालो. गोट्यांत वॉकर टेकताच तो कलंडला. मी तिला सावरलं आणि उचलायला वाकलो.

"सोड. मले पोतं समजला का?"

ती मागे फिरली आणि गाडीत जाऊन बसली. बायको थांबते म्हणाली, तर आईने तिलाही पाठवलं, "जा वो, पोराईसंगं जा." थांबायला मी हवं होतं. मी पुढे चालू लागलो.

डोह काठोकाठ भरला होता. मुलं कपड्यांसकट पाण्यात शिरली. मीही पाय सोडून बसलो आणि बराच वेळ मला आई आठवली नाही.

परत आलो तेव्हा तिने विचारलं, "पानी हाये का रे डोहात?"

"नाई. आटलं. पाहाले काहीच नव्हतं."

मुलीने तोंड उघडलं. मी डोळे वटारले, तशी ती गप्प झाली. तिच्या फ्रॉकमधून पाणी सीटवर ठिबकत होतं. आईने फ्रॉककडे पाहिलं आणि खिडकीकडे मान वळवली.

त्यानंतर ती अंगणात उतरली नाही. आग्रह केला की म्हणायची, "आता कुठं जाचं हाये?" उन्हाळा लागेपर्यंत तिने अंथरूण धरलं. आता ती उठणार नाही, हे घरात सगळ्यांना कळलं आहे. वॉकर खाटेशेजारीच असतो. त्यावर आम्ही तिचा टॉवेल वाळत घालतो.

परवा खिचडी भरवताना माझ्या तोंडून निघालं, "आई, डोहात पानी होतं."

तिने घास सावकाश गिळला. "मालूम हाये मले. पोरीचा फ्राक गळून राह्यला होता."

"ते गोटेबी म्या आधीच पाह्यले होते."

हे तिला ठाऊक नव्हतं. तिने डोळे मिटले. पुढचा घास चमच्यात तसाच थंड होत राहिला. मी चमचा खाली ठेवला.

"तुले अंगणात चालू देल्लं आन् सांगतलं नाई. गाडीत एकटी सोडून गेलो, वरून खोटं बोललो. मले माफ कर, आई."