न विचारण्याची परवानगी

आमच्या कंपनीच्या निवृत्त कामगारांना एक खोड होती. कंपनी बाजारात उतरली तेव्हा त्यांना थोडे थोडे शेअर मिळाले होते. दरवर्षी भागधारकांच्या सभेच्या ठरावांवर ऑनलाइन मत द्यायची वेळ आली की सगळे फोन घेऊन माझ्या घरी हजर. मी वाळूजला कंपनीच्या सेक्रेटरी विभागात बसतो, म्हणजे मला सगळं कळतं, असा त्यांचा समज. ते ओटीपी मोठ्यानं वाचायचे आणि मी सगळीकडं 'हो' दाबायचो. हे नियमात बसत नाही, हे मला ठाऊक होतं. पण चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, आणि फुकटचा मान कुणाला नको असतो?

गेल्या वर्षीचा ठराव मात्र मीच टाइप केला होता. नवे शेअर काढले की ते आधी जुन्या भागधारकांना, ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणं देऊ करायचे, असा कायदा आहे. तो हक्क यावेळी बाजूला ठेवायचा आणि सगळे नवे शेअर बाहेरच्या एकाच गुंतवणूकदाराला द्यायचे, असा तो ठराव. भागधारकांपैकी एक मोठा फंड विरोधात होता. तीन चतुर्थांश मतं जमतील का, याची वरच्या साहेबलोकांना धाकधूक होती.

साहेब म्हणाले, "म्हाताऱ्यांची मतं नेहमीसारखी तू बघून घे."

म्हणजे साहेबांना सगळं माहीत होतं. इकडं आड, तिकडं विहीर. त्या क्षणी मला स्वतःचाच राग आला.

मतदानाच्या शेवटच्या दिवशी दुपारी चाचा घरी आले. माझ्या वडिलांबरोबर त्यांनी आमच्याच कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर, उभी हयात काढली. वडील गेल्यावर माझ्या नोकरीसाठी खेटे घातले ते चाचांनीच. ते करतील तेच बाकीचे करायचे.

"चल बेटा, दाब," म्हणत त्यांनी फोन पुढं केला.

माझं बोट काही चालेना. शेवटी त्यांना सगळं समजावून सांगितलं. नवे शेअर आले की तुमचा वाटा तेवढा बारीक होणार, हेही सांगितलं.

"म्हंजे आपल्याला विचारणारच नाय?"

"विचारतायत ना, चाचा. तुम्हाला न विचारण्याची परवानगी मागतायत."

चाचा पोट धरून हसले. "लई हुशार लोकं हायेत. लिवलं कुणी हे?"

"मीच."

त्यांचं हसणं थांबलं.

"आन् आम्ही 'नाय' दाबलं, तर तुला कुणी काय म्हणंल?"

तेव्हा मी 'काही नाही' म्हणायला हवं होतं. तेवढंच माझ्या हातात होतं. मी कपातल्या चहाकडं बघत बसलो.

चाचांनी चष्मा लावला, फोन माझ्या हातातून घेतला, बराच वेळ शोधून स्वतःच्या बोटानं 'हो' दाबलं. "बाकीच्यांना मी सांगतो. तू त्यात पडू नको," म्हणाले आणि चहा तसाच ठेवून निघाले.

ठराव मंजूर झाला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थँक्यू, सर," मी म्हणालो.