हातानं मोडलेली साय

ती घटना आजही आठवते, आणि सांगायला लाज वाटते, पण आधी बासुंदीच आठवते.

मी तेव्हा नांदुऱ्याकडच्या एका पोलीस ठाण्यात होतो. जवळच्या गावातल्या साखरपुड्याचं मलाही आमंत्रण होतं. बंदोबस्तामुळे पंगत हुकली. माझ्या नोकरीचा घराला तेवढाच फायदा झाला, असं आमची सौ. म्हणते. दिवस कलताना फोन आला, "साहेब, पंगतीत इख घातलं. त्या आचारीन मावशीले पकडा." जेवून दोन-तीन तासांत तीसेक माणसं ओकू लागली होती.

कारणही गावानं शोधून ठेवलं होतं. नवरदेवाकडच्यांनी मागे मावशीच्या पोरीला नकार दिला होता. स्टेशन डायरीत विषप्रयोगाची नोंद झाली. गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, उरलेली बासुंदी मी पंचांसमक्ष सील केली. इतकी दुःखी जप्ती मी दुसरी केली नाही. तिची बासुंदी मी पूर्वी खाल्ली होती.

जबाब घेताना मी आवाज चढवला. "नकाराचा राग होता ना?"

"होता. म्हून पावण्यायले मारीन का? मीबी दोन वाट्या खाल्ली, मलेबी ओकाऱ्या झाल्या."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"आचारीनच ओकते म्हटल्यावर तिले कोन बोलावीन?"

तेव्हा तिच्या बोटाची चिंधी दिसली. विळ्यानं कापलेलं, हळद भरलेलं, पिकलेलं बोट. आदल्या संध्याकाळी कोमट बासुंदीत तिनं साय त्याच हातानं मोडली होती. चमच्यानं ती चव येत नाही म्हणे. गंज रात्रभर तसाच झाकून ठेवला.

"सकाळी खळखळ उकळली, साहेब. उकळल्यावर काय राह्यते?"

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "पिकल्या बोटातले जंतू उकळून मरतात. त्यांनी रात्रभर सोडलेलं विष उकळूनही टिकतं. ते पोटातल्या नसांना डिवचतं, नसा मेंदूला कळवतात, मेंदू ओकायला लावतो. म्हणून इतक्या लवकर, तेही बहुतेक तापाशिवाय."

दुसऱ्या दिवशी सगळे दवाखान्यातून घरी गेले. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालातही तेच आलं. गावाला संशय होता ते फवारणीचं औषध त्यात नव्हतं.

माणसाच्या मनात शिरण्याआधी त्याचा हात पाहावा, हे मी तिथं शिकलो. कागदावरून तिचं नाव काढलं, पण पंगतीचं बोलावणं तिला पुन्हा आलं नाही.

निवृत्तीनंतर तिच्याकडे गेलो. बोट केव्हाच बरं झालं होतं. निर्लज्जपणे म्हटलं, "मावशी, वाटीभर जमेल?"

तिनं गुळाचा काळा चहा पुढे ठेवला. "दुधाले हात लावत नाही आता, साहेब."

मी अजून एक कप मागून घेतला.