बॅलन्सची वायर

महाडच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी लॅबमध्ये होते. पोलादपूरहून सकाळची एसटी पकडायची आणि पुढे फाट्यावरून कंपनीची बस. वडील शिक्षक, त्यामुळे एसटीतले निम्मे लोक मला गुरुजींची मुलगी म्हणून ओळखायचे. मी कुणाशी दोन शब्द जास्त बोलले तर ती बातमी माझ्या आधी घरी पोचायची.

लॅबमध्ये काचेच्या पेटीतला एक नाजूक वजनकाटा होता. आम्ही त्याला बॅलन्स म्हणायचो. त्याची वायर शेजारच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडलेली होती आणि ती फार लांब नेता येत नसे. वजनं मात्र हवी असायची कंपनीच्या दुसऱ्या टोकाला, ऑफिसात. म्हणून इन्स्ट्रुमेंट विभागातला एकजण रोज चारच्या सुमारास फ्लॉपी घेऊन यायचा आणि दिवसभराची वजनं तीत भरून न्यायचा.

तो शिवथरकडचा, बिरवाडीत खोली घेऊन राहणारा. फ्लॉपी भरायला लागायची दोन मिनिटं, तो बसायचा वीस. कँटीनचा चहा मी त्याच्यासाठी वॉच ग्लासने, म्हणजे लॅबमधल्या काचेच्या बशीने, झाकून ठेवायचे. बोलणं काय, तर त्यांच्याकडे पाऊस किती झाला आणि आमच्याकडे किती. माझ्यासारख्या फटकळ मुलीला ते कसं पुरायचं कोण जाणे. पण तीन वाजल्यापासून माझं लक्ष दाराकडे असायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही. त्याने एकदा तरी पाऊस सोडून दुसरं काहीतरी बोलावं, एवढंच मला हवं होतं. आपण होऊन बोलायची माझी हिंमत नव्हती.

आणि एक दिवस तोच एक तळहाताएवढा डबा घेऊन आला. त्याला डिव्हाइस सर्व्हर म्हणतात. एका बाजूला बॅलन्सची वायर, दुसऱ्या बाजूला नेटवर्कची.

"मॅडम, हा बॅलन्स जुन्या वळणाचा. एका वायरीवर एकाच कॉम्प्युटरशी बोलणार," तो सांगत होता. "हा डबा त्याचं बोलणं नेटवर्कवर टाकतो. आता त्याला स्वतःचा पत्ता मिळाला. तुम्ही इथं वजन केलंत की तिकडे ऑफिसात आणि आमच्याही स्क्रीनवर हजर."

"आणि फ्लॉपी?"

"फ्लॉपी कशाला आता? यायची गरजच नाय!"

केवढा खूश होता! मला त्या डब्याचा आणि त्याचाही असा राग आला की त्या दिवशीचा चहा मी बेसिनमध्ये ओतून दिला. मेल्या, स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलास, आणि माझ्याही.

बॅलन्स वजनं पाठवत राहिला. चार वाजायचे आणि कुणीच यायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात मी डब्याकडे नीट पाहिलं. बॅलन्सची वायर दोन छोट्या स्क्रूंनी त्यावर घट्ट बसवलेली होती. लॅबमध्ये कुणी नाही असं बघून मी स्पॅच्युला, म्हणजे पावडर काढायची आमची चपटी पट्टी, घेतली आणि दोन्ही स्क्रू सोडवले. वायर उपसली आणि इन्स्ट्रुमेंटमध्ये त्याला इंटरकॉम लावला.

"वजनं येतायत का हो तिकडे?"

"नाय येत. थांबा, आलोच."

दहा मिनिटांत हजर, हेल्मेट हातात, घामाने निथळलेला. खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने त्याने वायर घट्ट बसवली, चहा प्यायला, पावसाचं बोलला आणि गेला. मी दिवसभर हवेत होते. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच केलं. तो पुन्हा आला, पुन्हा स्क्रू आवळले.

तिसऱ्या वेळी मात्र तो त्या स्क्रूंकडे बराच वेळ बघत राहिला. मी स्पॅच्युला हळूच ड्रॉवरमध्ये सरकवली. त्याने खिशातून काढलेला स्क्रूड्रायव्हर परत खिशात ठेवला आणि स्क्रू नुसते बोटांनी फिरवले. "राहील एवढ्यावर," म्हणाला. चहा प्यायला आणि गेला.

मला ते लागलं. वाटलं, कंटाळला, वरवरचं काम करून गेला. मग आपणही कशाला लाज सोडायची? मी ठरवलं, आता हात लावायचा नाही. एवढं ढिलं काम केलंय तर चार दिवसांत आपोआप सुटेल आणि येईल झक मारत.

ते सुटलं नाही. दोन महिने मी वाट पाहिली. मग एका दुपारी त्याचाच इंटरकॉम आला.

"मॅडम, मला गुजरातला नोकरी लागली. उद्या शेवटचा दिवस. डबा काय म्हणतो?"

"उत्तम चाललाय," मी ठसक्यात म्हटलं. "एकदाही बंद पडला नाही."

तो नुसतं "बरं," म्हणाला.

पुढे पावसाळा संपल्यावर बॅलन्स दुरुस्तीला पाठवायचा होता म्हणून मी वायर काढायला गेले. सवयीने स्पॅच्युला घेतली होती, पण तिची गरज पडली नाही. बोट लावताच स्क्रू फिरले आणि वायर हातात आली. उजेडात त्यांची डोकी दिसली. पट्टी घसरून त्यांच्यावर ओरखडेच ओरखडे पडले होते. कुणीही पाहिलं असतं तर कळलं असतं की हे हाताने सोडवलेले आहेत, आणि तेही चुकीच्या हत्याराने. त्याला तर पहिल्याच खेपेला कळलं असणार. तरी तो उन्हातून येत राहिला होता. आणि शेवटी, पुन्हा वायर काढताना मला त्रास पडू नये म्हणून, ते सैल ठेवून गेला होता.

मी तिथेच स्टुलावर बसले. त्याला परत बोलवावं, काहीही सांगून बोलवावं, असं फार फार वाटलं.

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. इन्स्ट्रुमेंटमधून त्याच्या जागी आलेला माणूस बोलत होता.

"मॅडम, तुमच्याकडची लाइन बंद दिसतेय. येऊ का?"

"नको," मी म्हटलं.